वर्षाच्या शेजारी

साखरशेतच्या जिवाची मुलगी वर्षा नाशिकला नर्सिंग शिकत होती. मार्चमध्ये ती सुट्टी आहे असं सांगून घरी आली आणि परत गेलीच नाही. गावात रेंज फक्त वरच्या माळावर. सकाळी उठली की मोबाइल घेऊन ती तिकडे जाई आणि दिवस मावळेपर्यंत गोळीबाराचा गेम खेळत बसे. तिच्या आईने, गोदीने, एकदा चार्जर लपवला. वर्षा दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी जिवाने चार्जर तिला परत दिला आणि भाकरी बांधून तिच्यामागोमाग माळावर गेला.

"काय खेळतेस, दाखव मला."

"तुला नाही कळायचं, बा."

"नाही कळलं तर नुसता बघीन."

पेरणीआधी शेत भाजायच्या कामाचे दिवस होते, तरी तो रोज दुपारी येऊन बघत बसला. असा चार दिवस बसल्यावर त्याने विचारलं, "खेळताना बरं वाटतं का गं?"

"छातीत धडधडत नाही," वर्षा म्हणाली आणि मग सगळंच बोलली. प्रॅक्टिकलला सगळ्यांसमोर हात इतका थरथरला, की सुई खाली पडली. ती परीक्षा अर्धी टाकून निघून आली होती.

जिवाने भाकरीचं फडकं सोडून तिच्यापुढे ठेवलं. "मी भिवंडीला पहिल्यांदा बांधकामावर गेलो, तर मला उंच बांबूच्या परांचीवर चढवेना. पाय लटपटायचे. तीन दिवसांत पळून आलो. तुझ्या आईला सांगितलं, काम संपलं."

बापाने मुलीसमोर हे कबूल करायला छाती लागते. वर्षा कितीतरी दिवसांनी हसली.

जव्हारच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाई होत्या. दोघं दर बुधवारी जीपने तिकडे जाऊ लागले. गेम एकदम बंद नको, हळूहळू कमी करू, असं बाईंनी सांगितलं. एप्रिलात वर्षा पुन्हा एकदा दिवसभर माळावरच राहिली. या वेळी गोदी चिडली नाही. तीच भाकरी घेऊन वर गेली.

जूनमध्ये राहिलेली परीक्षा होती. जिवा सोबत गेला आणि कॉलेजच्या पायरीवर चार तास बसून राहिला.

"थरथरला का हात?"

"थरथरला. पण सुई नीट दिली, बा."

आता ती पुढच्या वर्षात आहे. रविवारी अजून गेम खेळते, कधी जास्तच होतं, आणि बुधवारी बाईंना फोनवर तसं खरं सांगते.