विघ्नाचा पत्ता

चार महिन्यांत मी ह्यांना एकदाही हरवलं नव्हतं, आणि आता हरवणं माझ्यावर येऊन पडलं होतं.

खेळ मोबाइलवरचा, पत्त्यांचा. आमची नात आभा दिवाळीत पुण्याहून आली होती, तिने दोघांच्या फोनवर घालून दिला. हे तेव्हा किल्ल्या, तारखा विसरायला लागले होते. आजोबांचं डोकं चालतं राहील, असं तिचं म्हणणं. ज्याने त्याने आपला तीस पत्त्यांचा कॅट बांधायचा. त्यात काही पत्ते सैनिकांचे, काही मंत्रांचे. मी सैनिक भरले. ह्यांनी जवळजवळ सगळे मंत्र घेतले. पंचावन्न वर्षं रामकुंडावर बसून यजमानांचे विधी सांगणारा माणूस दुसरं काय घेणार?

मी सैनिकांची रांग लावली की हे ‘दावानल’ टाकून सगळी एका फटक्यात जाळत.

“समिधा चांगल्या वाळलेल्या होत्या हं तुझ्या,” असं वर म्हणत. मग सावकाश ‘पंचावर्तन’ सुरू करत. त्या मंत्राचे पाच भाग, एका खेपेला एक. पाचवा झाला की समोरचा संपला.

मला गंमत वाटायची. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा पत्त्यांना हात लावणंसुद्धा पाप होतं. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधून आणलेला माझा कॅट मी तांदळाच्या डब्यात लपवला होता. सासूबाईंना तो सापडला, आणि दुसऱ्या दिवशी बंबात गेला. तेव्हा हे एक शब्द बोलले नव्हते. आता तेच दुपारी तीन वाजता फोन पुसून टेबलावर मांडायचे आणि विचारायचे, “बसतेस का?”

माघात सिन्नरहून एक कुटुंब वडिलांच्या विधींसाठी आलं. ह्यांनी संकल्प दोनदा सांगितला आणि गेलेल्याचं नाव तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्या कुटुंबातला मुलगा रडायला लागला. त्याला वाटलं, गुरुजींचं आपल्या बापाकडे लक्षच नाही. ह्यांचा पुतण्या शेखर शेजारीच बसतो, त्याने पुढचं निभावून नेलं आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं. पुण्याहून आल्हादचा, आमच्या मुलाचा, फोन आला. “आई, आता बाबांना बसू देऊ नकोस. माणसं दुःखात येतात गं तिथे.”

मी चहाच्या वेळी विषय काढला.

“शेखरने कागाळी केली वाटतं,” हे म्हणाले.

“कागाळी नाही हो. काळजी वाटते सगळ्यांना.”

“डोकं गेलेला माणूस रोज दुपारी तुला हरवतो होय?” बशीतला चहा संपवून ते हसले. “असं कर. मला एकदा हरव. त्या दिवशी बैठक शेखरला दिली.”

ह्यांनी दिलेला शब्द कधी मोडलेला मी पाहिला नाही. मी आभाला फोन केला.

“आजी, तू सगळे सैनिक एकदम टाकतेस,” ती म्हणाली. “मंत्रवाल्यासमोर असं करतात का? आधी दोन-तीन फुसके टाक. त्यांच्यावर आजोबांना दावानल खर्चू दे. हत्ती हातात ठेव. आणि विघ्न घे. कॅटमध्ये दोन ठेवता येतात. ते टाकलं की चालू मंत्र तुटतो.”

हे खरं तर मला कळायला हवं होतं. मेंढीकोटात हुकूम बाहेर पडेपर्यंत आम्ही बहिणी दश्श्या अशाच दाबून धरायचो.

“आजोबा हरले तर त्यांना वाईट वाटेल का गं?” आभाने विचारलं.

“खेळ तर आहे,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तसंच खेळले. पंचावर्तनाचे तीन भाग झाल्यावर विघ्न टाकलं. मंत्र तुटला. दर खेपेला मंत्रावर दोन बटणं येतात, ‘पुढे चालू’ आणि ‘पहिल्यापासून’. तुटला तरी त्याचे झालेले भाग वाया जात नाहीत, फक्त एक खेप फुकट जाते. त्यामुळे कोणीही पुढे चालूच दाबेल. ह्यांनी पहिल्यापासून दाबलं.

“अहो, तीन भाग झाले होते ना?”

“मोडलेलं पठण पुढे नेत नाहीत. गुरुजींनी हातावर पळी मारून शिकवलंय.”

त्या दिवशी दुसरं विघ्न माझ्या हातात आलंच नाही आणि मी हरले. पण मला कळून चुकलं. दोन विघ्नं आली की हे दोनदा मागे जाणार, तेवढ्यात माझे हत्ती पोहोचणार. म्हणजे ह्यांना त्यांच्याच शिस्तीने पाडायचं. पुढचे आठ दिवस मी बसलेच नाही. कधी डोळ्यांत औषध घातलंय म्हणाले, कधी तूर निवडायला घेतली.

मग शेखरचा फोन आला. “काकू, परवा वणीचे लोक येतायत. तरुण मुलगी गेलीय त्यांची. काकांनीच करावं असा आग्रह धरून बसलेत. काय सांगू त्यांना?”

त्या दुपारी मीच फोन पुसून टेबलावर ठेवले.

तिन्ही फुसके सैनिक दावानलात गेले. दोन्ही विघ्नं लवकर हातात आली. ह्यांनी पंचावर्तन सुरू केलं. प्रत्येक भागाला त्यांचे ओठ हलत होते. दुसरा भाग झाला, तिसरा झाला. विघ्न चौथ्यानंतर टाकू असं ठरवून मी नुसता एक हत्ती पुढे काढला.

ह्यांची खेप आली. दोन बटणांकडे ते बराच वेळ बघत राहिले. बोट पुढे चालूवर गेलं, थांबलं, वर सरकलं आणि त्यांनी पहिल्यापासून दाबलं.

काहीच तुटलं नव्हतं. बोट चुकून लागलं असेल, असं मी मनाला सांगितलं. पहिला भाग झाला. दुसरा झाला. आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी हत्ती थोपवून धरले असते तर खेळ लांबवता आला असता. शेवटी पाच भाग कधीतरी सलग झाले असते. पण वणीहून येणारी ती आई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी दोन्ही हत्ती सोडले.

ह्यांनी पडद्यावर आपली हार वाचली. मग चष्मा काढून ठेवला.

“विघ्नं किती टाकलीस?”

खेळ संपला की ज्याला त्याला आपल्या हातात उरलेले पत्ते दिसतात. माझ्या फोनवर ती दोन्ही शेजारीशेजारी दिसत होती. मी फोन पालथा घातला.

“दोन,” मी म्हणाले.

“दोन्ही वेळा मी पहिल्यापासून घेतलं.”

“हो. मोडलेलं पुढे नेत नाहीत ना.”

“नाहीत,” ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले.

सकाळी त्यांनी शेखरला बोलावून यजमानांच्या वंशावळीच्या वह्या त्याच्या हातात दिल्या. “तुझ्या काकूने हरवलं मला,” त्याला म्हणाले. “विघ्नं टाकली दोन. तशी सरळ हरवणारी नव्हे ती.” शेखर माझ्याकडे बघून हसला. मी चहा ठेवायला आत गेले.

तीन वाजता हे म्हणाले, “बसतेस का?”

मी बसले. कॅटमधून विघ्नं मी काढून टाकली होती. पंचावर्तनाचे दोन भाग झाले आणि ह्यांचं बोट वर सरकलं.

“टाकलंस?” त्यांनी विचारलं.

“टाकलं,” मी म्हणाले.