वाघीण नंबर ४०३१८

दयाराम घरताने आयुष्यात एकच नियम पाळला आणि तोही एकदाच मोडला. तेवढ्यानं भागलं.

मोठ्या यार्डात मालगाडीच्या वाघिणी तपासण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. वाघीण म्हणजे मालाचा डबा, हे पनवेलकरांना सांगायला नको. चाकावर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, बद्द वाजलं की खडूनं अंगावर फुली ओढायची. फुली पडली की वाघीण कंडम. यम जरा तरी चौकशी करत असेल, दयारामचा खडू करत नसे. निवृत्त होऊन तो पनवेलला आपल्या घरी आला तेव्हा दिव्याहून पनवेलला गाडी यायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. आख्खा गाव स्टेशनावर गाडी बघायला जायचा. दयारामनं मात्र घराच्या पडवीतच रेल्वे घातली.

ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती पुढे आहे.

पडवीत भिंतीला लागून चौदा हात लांब फळ्या. त्यांवर छत्रीच्या काड्यांचे रूळ. इंजिनाच्या पोटात गजराच्या घड्याळाची कमान. पनवेल स्टेशन खोक्याचं, तळोज्याचं स्टेशन काडेपेटीचं आणि मध्ये खाडीवरचा पूल, तो सखूबाईच्या मोडक्या विळीच्या पाटाचा. वाघिणी डालड्याच्या डब्याच्या पत्र्याच्या. पण उगीच कुठल्याही नव्हेत. प्रत्येकीचा नंबर खरा, दारं खरी, फळ्या मोजून तितक्याच. नोकरीत फुली मारली की त्या वाघिणीची लांबी-रुंदी, बिजागऱ्या, छपराची गोलाई तो वहीत टिपून ठेवायचा. अशा वह्या दोन ट्रंका भरून होत्या. एवढं करून थांबत नसे. वाघिणी तोडणाऱ्या रेल्वे कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना कार्ड टाकून विचारायचा, “अमुक नंबरची तोडली काय? डोळ्यांनी बघून कळवणे.” तोडली असं उत्तर आलं, की मगच हातात कातर घ्यायचा.

कारण त्याचा तो नियम. जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालत नाही, तसा चालत्या वाघिणीचा नमुना करायचा नाही.

“का पन?” त्याचा मेव्हणा विठू विचारायचा. विठू सखूबाईचा एकुलता एक भाऊ, तिनं कडेवर वाढवलेला. आता दिवा-पनवेल मालगाडीवर गार्ड होता.

“का ते मना म्हाईत नाय. आमच्या उस्तादानी सांगलंय.”

“उस्तादाला कोनी सांगलं?”

“त्याच्या उस्तादानी. आता झेंडी दाव, गाडी सुटतेय.”

दर रविवारी दुपारी विठू खरी हिरवी झेंडी घेऊन पडवीत यायचा. तपकिरीच्या डबीत चिठ्ठ्या असत. ज्या वाघिणीला जी चिठ्ठी निघेल तिथं ती पोचवायची. एकीला तळोजा, एकीला दिवा. सांधे बदलायचे, आकडे लावायचे, वेळापत्रकाला मिनिट चुकवायचं नाही. सखूबाई चुलीपासून ओरडायची, “हा बारका पोर आन् तो म्हातारा पोर! जेवाला येतांव का गाडी खातांव?”

१९६५च्या श्रावणात दयारामनं ४०३१८ करायला घेतली.

वहीत तिच्यावर त्याचीच फुली होती, सतरा वर्षांपूर्वीची. त्यानं कारखान्यात दोन कार्डं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. हात तर शिवशिवत होते. मग तो स्वतःशीच म्हणाला, खडू माझा, फुली माझी, आता आणखी कुणाला काय विचारायचं? शनिवारी वाघीण तयार झाली. नंबर घालताना तांबड्या रंगाचा एक थेंब डाव्या कोपऱ्यात पडला. त्यानं तो तसाच ठेवला.

मंगळवारी विठू सहज बोलून गेला, “आज एक वाघीन आली भावजी, डावे कोपऱ्यान् तांबडा डाग, परातीयेवडा. कोन रंगारी वरून ओतून गेला कोन जाने.”

दयाराम हसला. पण त्या रात्री त्याला भात गेला नाही.

गुरुवारी मांजर फळीवर चढलं आणि नेमकं ४०३१८च्या छपरावर जाऊन बसलं. पत्रा दबला. दयारामनं मांजराला हाकललं आणि तिथंच बसून राहिला, उद्या काय ऐकायला मिळतं याची वाट बघत. शुक्रवारी विठू आला तो हात वर करूनच. “बाय, त्या डागवाल्या वाघिनीचं छप्पर बग जाऊन! हत्ती बसून गेल्यासारका दबलाय.”

“नंबर?” दयाराम उठून उभा राहिला. “विठू, नंबर काय तिचा?”

“मी काय नंबर पाठ करतंव?”

“उद्या लिवून आन.”

शनिवारी दुपारी विठूनं विडीच्या कागदावर नंबर लिहून आणला. दयारामनं तो वाचला, कागद चुलीत टाकला आणि डोक्याला टोपी न घालता स्टेशनाकडं चालू पडला. दयाराम बोडक्या डोक्यानं रस्त्यावर दिसला, हे पनवेलात पहिल्यांदाच घडत होतं.

सायडिंगला ती उभी होती. मिठानं भरलेली, दारांना शिक्के मारलेले. फळ्या नव्या, रंग नवा. दयाराम वाकून खाली शिरला. लोखंडी तुळईवर छिन्नीच्या दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी. फुली मारलेल्या प्रत्येक वाघिणीवर तो त्या मारायचा, खडू पावसात धुऊन गेला तरी खूण राहावी म्हणून. कुणीतरी त्याची कंडम वाघीण उचलून, ठोकून, सांधून परत रुळावर उभी केली होती. सतरा वर्षं ती हिंडत होती. आणि सतरा वर्षांनी त्यानं तिचा नमुना केला होता.

तो वाघिणीखालून रांगतच बाहेर आला.

तसाच तो स्टेशनमास्तरांच्या खोलीत घुसला. “मास्तर, ती मिठाची वाघीण आज गाडीला लावू नका.”

मास्तर सभ्य गृहस्थ. चहा बशीत ओतत म्हणाले, “का हो घरत? चाक तडकलंय का?”

“नाय.”

“तेलपेटी तापलीय?”

“नाय.”

“मग?”

आता सांगायचं काय? माझ्या घरी मांजर बसलं म्हणून? दयाराम म्हणाला, “मना भ्या वाटतं.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली. “घरत, तुम्ही एकतीस वर्षं वाघिणी तपासल्यात. भीती वाटते म्हणून एक तरी वाघीण काढली होतीत का कधी? सकाळी तपासून पास झालीय ती. चार-दहाला सुटेल. घरी जा, आराम करा.”

बाहेर विठू झेंड्या काखेत मारून उभा होता. गाडी त्याचीच. “भावजी, असं काय बगतांव? मी काय सासरी चाललंव?”

“आजच्या दिवस आजारी पड.”

“आन् गाडी कोन नेल? तुमचा मांजर?” हसत हसत तो मागच्या डब्याकडं गेला.

दयाराम पळत घरी निघाला. एकच विचार, नमुना रुळावरून काढायचा, कापसात गुंडाळायचा, ट्रंकेत कुलूपबंद करायचा. पडवीत पाऊल टाकलं आणि त्याचे पाय तिथंच चिकटले.

सखूबाई केरसुणी घेऊन कोळ्याची जाळी काढत होती. सणासुदीचे दिवस, तिचं काही चुकलं नव्हतं. केरसुणीच्या टोकानं ४०३१८ ढकलली जाऊन पुलापर्यंत गेली होती. तिथं ती पुलाच्या कडेवर अडकली होती, एका बाजूची चाकं रुळावर, दुसऱ्या बाजूची हवेत. जरा श्वास जोरात सोडला तरी खाली जाईल अशी.

“केरसुनी खाली ठेव,” दयाराम हळू म्हणाला. “हालू नको.”

“अवं, झाला काय?”

त्यानं सांगितलं. डाग, मांजर, खाचा, सगळं. एरवी ऐकलं असतं तर ती हसली असती. पण नवऱ्याचं तोंड तिनं असं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. चार-दहाची गाडी. तिच्या हातातली केरसुणी गळून पडली.

“माजा विठू हाय त्या गाडीन्.”

“हाय.”

“मंग उचला ना ती! बगतांव काय?”

“उचलू कशी? हिकडं उचलली का तिकडं उचलंल. पुडचे-मागचे डबे आकड्याला लटकतील, आन् मागं विठूचा डबा.”

“मंग ऱ्हाव द्या तशी!”

“पुलावर पोचंल तवा तशीच होल. अशी. अधांतरी.”

गाडीला खऱ्या पुलापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात, हे दोघांनाही पाठ होतं. रविवारी पडवीत तेच तर चालायचं.

दयारामनं गाडी जुळवली. इंजिन पुढं, मग दोन वाघिणी, मग पुलावरची ४०३१८, मागं बाकीच्या, शेवटी गार्डाचा डबा. स्टेशनावर जशी लागली होती अगदी तशी. आकडा अडकवताना त्यानं श्वास धरला. मग घड्याळाची कमान भरली. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यानं वाघिणीखाली, अधांतरी चाकांच्या जागी धरलं. बोटाला सकाळी दुसऱ्या वाघिणीला लावताना लागलेला तांबडा रंग आणि सरस तसाच होता, पुसायला सवड कुणाला?

“घड्याळ बग. सांग.”

“किती वाजता काय मना कलतं?”

“मोठा काटा सहावर आला का बोल!”

सखूबाई घड्याळासमोर उभी राहिली, पदर तोंडात धरून. चुलीवर भात करपायला लागला, त्याचा वास पडवीत आला. कुणी हललं नाही. बाहेर कोंबडी ओरडली तर दोघं दचकली.

“पाचच्या पुडं गेला,” सखूबाई कुजबुजली. “सहाला टेकतंय... टेकला!”

दयारामनं इंजिन सोडलं.

चाकं फिरली. आणि त्याच क्षणी बोटावर वजन आलं. पत्र्याच्या वाघिणीचं नव्हे. तिचं वजन वाटीभर तांदळाएवढं. हे वजन मिठाचं होतं, ओल्या मिठाचं, शेकडो गोणींचं. बोटाच्या हाडात कडकड वाजलं. दयाराम ओरडला नाही. ओरडलो तर हात हलेल, हात हलला तर विठू खाडीत. वाघीण वीतभर सरकली, बोटही तिच्याबरोबर वीतभर सरकलं. पूल दोन हात लांब होता. त्या दोन हातांना किती वेळ लागला हे सखूबाईला पुढं कुणी विचारलं की ती म्हणायची, “माजे केस तवाच पिकले, त्याच्या आदी काले होते.”

पूल संपला. चाकं आपोआप रुळावर बसली, टक् असा आवाज झाला. दयारामनं बोट काढून पाहिलं. ते पापडासारखं चपटं झालं होतं.

रात्रभर दोघं उंबऱ्यावर बसून होती. विठू सकाळच्या गाडीनं आला. चेहरा चुन्यासारखा. पाणी प्याला, पुन्हा प्याला, मग बोलला.

“भावजी, पुलावर तिसरी वाघीन कलली. मी माज्या डोल्यांनी बगलं. एका बाजूची चाकां पाण्यावर. मी देवाचा नाव पन विसरलू. आन् खालून कोनीतरी... हसू नका... खालून कोनीतरी बोट लावला. पूल संपला तवा सोडला.”

कुणी हसलं नाही. सखूबाईनं त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि मोठ्यांदा रडली.

“दिव्याला उतरून बगलं,” विठू म्हणाला, “तर फल्यांवर खालच्या अंगाला ठसा. तांबडा, चिकट. दारायेवडा. बोटाच्या रेगा पन हायेत.” एवढं बोलून त्याची नजर दयारामच्या हाताला बांधलेल्या फडक्यावर गेली.

त्यानंतर चार वर्षं दयारामला सुखाची झोप लागली नाही. त्यानं ४०३१८वर लाडवांची काचेची बरणी उपडी घातली. रोज संध्याकाळी बरणी काढून चाकांना तेलाचा एकेक थेंब द्यायचा. ऊन लागलं तर पडदा ओढायचा. मांजर विचुंब्याला बहिणीकडं पाठवलं. लांब कुठं हिंडत असलेल्या त्या वाघिणीला कधी तेल घालावं लागलं नाही म्हणतात, आणि ते बघून यार्डातले लोक बुचकळ्यात पडायचे. रविवारचा खेळ बंद झाला. विठू यायचा, बरणीकडं बघायचा आणि चहा पिऊन जायचा.

१९६९ साली कारखान्यातून कार्ड आलं. नंबर ४०३१८, कंडम, तोडली.

दयारामनं कार्ड डोळ्याला लावलं. मग हार आणायला निघाला. सखूबाई दारात आडवी झाली.

“कुटं?”

“हार आनतंव. गेली बिचारी.”

“कोन बोलला?”

“कार्ड आलाय ना.”

“तुमी पन खडूनी फुली मारलेली ना? आदी जा, डोल्यांनी बगून या.”

दयाराम गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा पिशवीत लोखंडाचा एक तुकडा होता, आणि त्यावर छिन्नीच्या दोन खाचा. त्यानं बरणी उचलली, तुकडा वाघिणीशेजारी ठेवला आणि झेंडूचा एवढासा हार तिला घातला. सखूबाईनं हात जोडले. विठूनं, सवयीनं, हिरवी झेंडी दाखवली.

मग दयारामनं चपट्या बोटानं वाघिणीला जरासा धक्का दिला. ती सरळ पुलावर गेली, कलली आणि खाली पडली. पत्र्याचा नुसता खण्ण आवाज झाला.

तिघंही कान देऊन उभी होती. बराच वेळ झाला तरी लांबून काही ऐकू आलं नाही, तेव्हा सखूबाई म्हणाली, “आता जेवाला बसा.”