निळ्या गाडीचा तळपत्रा

मित्रांनो, मी एक गाडी आहे, पण माझ्यात कुणी बसू शकत नाही. तुमच्या वितीत मी सहज मावेन. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी मला केली आहे. माझी चाके फिरतात, दारे उघडतात, पुढच्या काचेवर काडीहून बारीक वायपर आहेत. रस्ता मात्र मी कधी पाहिलेला नाही. माझी हकीगत सुखाची नाही, आणि ती मला नीट सांगता येईल की नाही याचीही खात्री वाटत नाही. चुकले तर समजून घ्या.

मला घडवणाऱ्यांना मी काका म्हणते, कारण ज्या मुलीसाठी त्यांनी मला घडवले, तिचे ते काका. त्यांनी चाळीस वर्षे एका गॅरेजात खऱ्या गाड्या रंगवल्या. त्यांनी रंगवलेल्या दारात पाहून लोक भांग पाडत. म्हणून गॅरेजात त्यांचे नाव पडले होते 'आरसा'. निवृत्त झाल्यावर स्प्रे गनचे वजन मनगटाला पेलेना, तेव्हा ते पेनाएवढ्या एअरब्रशकडे वळले. घराच्या बंद गॅलरीत एक टेबल, मान वाकवलेला दिवा, चिमटे, पॉलिश पेपरचे तुकडे आणि फळीवर प्लास्टिकच्या भागांची खोकी, असा त्यांचा संसार होता. कुणी आपली जुनी गाडी विकली की तिचा फोटो घेऊन त्यांच्याकडे येई. काका तीच गाडी लहान करून देत. नंबर तोच, दारावरचा ओरखडासुद्धा तोच. गाडीच्या खालची बाजूही ते तितकीच मन लावून रंगवत.

"खालून कोण बघणार आहे? मुंग्या?" काकू विचारत.

"मुंग्यांनी तरी का नावं ठेवावीत?" काका म्हणत, आणि दोघे हसत.

मी त्या वेळी फळीवरच्या एका खोक्यात सुट्या भागांत पडून होते. एका रविवारी काकांची पुतणी आली. ती गाडी चालवायला शिकवण्याच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचे वडील म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. ती नऊ वर्षांची असताना ते गाडीच्या अपघातात गेले. त्याला एकोणीस वर्षे झाली होती. त्या एकोणीस वर्षांत तिला सायकल शिकवायला, प्रवेशाच्या रांगेत उभे राहायला, तापात उशाशी बसायला काकाच होते.

"काका, बाबांची निळी गाडी करून द्या ना," ती म्हणाली.

काकांच्या हातातला चिमटा टेबलावर पडला. "ती कशाला आता?"

"शाळेत टेबलावर ठेवायला. नुसती बडबड कुणी ऐकत नाही. समोर गाडी असली की ऐकतील."

"कसली बडबड?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगते मी. माझे बाबा मला बेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवायचे नाहीत, आणि एक दिवस स्वतःच लावायला विसरले. म्हणून मी तुमच्यापुढे बिनबापाची उभी आहे. मग बघा, कसे पटापट लावतात." हे ती हसत बोलली. फार वेळा बोलून गुळगुळीत झालेले वाक्य होते ते. "आई तर अजून फोटोशी भांडते. म्हणते, एवढा एक खटका लावायला काय हात मोडले होते?"

काकांनी पडलेला चिमटा उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडून करून घे. माझे हात थरथरतात हल्ली."

"आणि रंग? तो तुम्हीच डब्यात कालवून बनवला होता. दुसऱ्या कुणाला जमणार आहे?"

काकूंनी आतून हाक दिली, "अहो, पोर पहिल्यांदा काही मागतेय. करा की."

अशी माझी सुरुवात झाली. खरे तर माझी नाही, माझ्या जोडीदारणीची. फळीवर सारखीच दोन खोकी होती. तिचे आधी उघडले गेले. भाग जोडून झाले आणि रंगाआधी अंग पुसायचे म्हणून काकांनी फडक्यावर गॅरेजातला जुना थिनर घेतला. पत्र्याला त्याचे काही वाटत नाही, पण आम्ही प्लास्टिकच्या. त्यांच्या बोटांखाली तिचे छप्पर मेणासारखे खचले. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत काकांच्या हातून अशी चूक झाली नव्हती. काकू डोकावून म्हणाल्या, "आरसेबुवा, लक्ष कुठंय?" एरवी काका हसले असते. त्या दिवशी त्यांनी ती गाडी फडक्यात गुंडाळली आणि माझे खोके उघडले.

मित्रांनो, एकट्याने काम करणारी माणसे हातातल्या वस्तूशी बोलतात. काका माझ्याशी बोलत. आवाज इतका बारीक असे, की एअरब्रशला हवा देणारा कॉम्प्रेसर चालू असताना मलाही तुटक तुटकच ऐकू येई. पुढे सांगते ते मी पाहिलेले नाही. त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे.

धाकट्याने ती गाडी जुनीच घेतली होती. दादा रंगवून देईल या भरवशावर घेतली होती. काकांनी तिच्यासाठी खास रंग कालवला. निळ्यात थोडा राखाडी आणि अगदी चिमूटभर हिरवा. रविवारी धाकटा बायकोला आणि लेकीला घेऊन पहिल्या सहलीला जाणार होता. शुक्रवारी काकांनी चालकाच्या बाजूचा गालिचा उचलला आणि त्यांचे बोट खालच्या पत्र्यातून आरपार गेले. सीट बेल्टचा बोल्ट जिथे बसतो, नेमका तिथला पत्रा गंजून जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला होता.

तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला हवा होता. म्हणजे गाडी वेल्डरकडे जाणार, आठवडा मोडणार, सहल बुडणार. काका वेल्डर नव्हते, रंगारी होते. रंगाऱ्याच्या हाताला खड्डा दिसला की तो पुट्टी भरतो. त्यांनी पुट्टी भरली, घासली, प्रायमर दिला, रंग दिला. बोल्ट पुन्हा पिळला. तो घट्ट बसला. निदान तसा दिसला. पुढच्या महिन्यात नीट करून घेऊ, आता भावाच्या आनंदावर विरजण कशाला, असे त्यांना वाटले. गाडी पाहून धाकट्याने त्यांना मिठी मारली. लेक दारात आपले तोंड पाहून वेडावून दाखवत होती.

सहल छान झाली. पुढचा महिना गेला, त्याच्या पुढचाही गेला. धाकटा भेटला की रंगाचे कौतुक करी, आणि काकांच्या ओठांवर आलेले परत आत जाई. आठ महिन्यांनी, एका साध्या दिवशी कामावर जाताना, ती गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली. वेग वाचण्यापलीकडचा नव्हता. धाकटा काचेतून बाहेर फेकला गेला.

चेपलेली गाडी काकांच्याच गॅरेजात आणून ठेवली. तपासणीची माणसे यायच्या आधी काका तिच्यात वाकले. बेल्टचा खटका लागलेला होता. धाकट्याने बेल्ट लावला होता. बेल्टचे दुसरे टोक मात्र गाडीच्या तळातून सुटून आले होते, आणि बोल्टला पुट्टीचा गोळा चिकटलेला होता, वरून सुंदर निळा. काकांनी तो गोळा बोटांनी फोडून टाकला. मग त्यांनी अंगठ्याने खटका दाबून उघडला.

हे सांगताना काकांचा अंगठा दर वेळी हवेत दाबला जाई. मी त्यांच्या दुसऱ्या हातात असे. मला तो अंगठा दिसे.

गाडी इतकी चेपलेली होती, की एक बोल्ट निघाला याचे कुणाला नवल वाटले नाही. बेल्ट लावला नव्हता, असे कागदावर आले. लोक चुकचुकले. म्हणाले, निष्काळजीपणा, दुसरे काय. काका तिथेच उभे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

माझा रंग तिसऱ्या प्रयत्नात जुळला. पातळ पातळ सात थर झाले. काकूंनी मला उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिले. उरला तो तळ. काकांनी तो आधी स्वच्छ राखाडी रंगवला, कुठल्याही निरोगी गाडीचा असतो तसा. मग दोन दिवस ते गॅलरीत आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पात्याने चालकाच्या बाजूचा रंग खरवडला. स्पंजच्या कणाएवढ्या तुकड्याने तपकिरी ठिपके दिले, वर काळपट, मध्ये नारिंगी. गंज इतका खरा झाला, की मलाच माझे अंग हुळहुळल्यासारखे वाटले. त्यावर पुट्टीचा फिकट गोळा आणि गोळ्यावर निळा रंग.

"एवढी देखणी केलीत आणि खाली ही घाण कशाला?" काकूंनी विचारले.

"गाडी अशीच होती."

"असेल बाई," म्हणून काकू चहा टाकायला गेल्या.

पुढच्या रविवारी पुतणी आली. मला तळहातावर घेऊन ती कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. दार उघडून आत डोकावली. "काका, बाबा आता येऊन बसतील असं वाटतंय," ती म्हणाली. तिने मला उलटे करून पाहिले नाही. कोण पाहतो? तिने मऊ कागद उलगडला, मला त्यावर ठेवले. आणखी दोन घड्या पडल्या असत्या की मी गेले असते, आणि काकांचे सगळे पूर्वीसारखे राहिले असते. रविवारी पुतणी येत राहिली असती.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी मला कागदातून काढले आणि पालथे केले.

"हे काय? गंज?"

"हो. ह्याच जागी बेल्टचा बोल्ट होता. मला दिसलं होतं. मी पुट्टी भरली. तुझ्या बाबाला सांगितलं नाही."

ती हसायच्या बेतात होती. मग थांबली. "पण बाबांनी बेल्ट लावलाच नव्हता ना?"

"लावला होता."

"काका, कागदावर आहे. खटका उघडा होता."

"तो मी उघडला. नंतर."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. पुतणी खुर्चीत बसली. तिने पुन्हा विचारले, अगदी शाळेतल्या मुलीसारखे, "म्हणजे बाबा विसरले नव्हते?"

"नाही. तो कधीच विसरायचा नाही."

"मी किती लोकांना सांगितलं, काका. दर बॅचला सांगितलं. तुमच्यासमोर सांगितलं."

काकांनी मान खाली घातली. तिने मला त्यांच्या हातातून घेतले, कागदात न गुंडाळता तसेच पिशवीत टाकले, आणि चपला पायात सारून ती गेली. जिन्यात तिची पावले मध्येच थांबली, मग पुन्हा उतरू लागली. वर दार लागल्याचा आवाज पिशवीत मला आला नाही.

आता मी शाळेतल्या टेबलावर असते. माझ्या छपरावर धूळ बसते, एक आरसा मोडला आहे. पुतणी प्रत्येक नव्या बॅचला सांगते, "माझ्या बाबांनी बेल्ट लावला होता." मग ती मला उलटे करते आणि पेन्सिलीचे टोक माझ्या तळावर ठेवते. परवा एकाने विचारले, "मॅडम, असलं काम कुणी केलं होतं?"

"एका फार चांगल्या रंगाऱ्यानं," ती म्हणाली आणि पुढचा धडा काढला.

तिच्या फोनवर रविवारी सकाळी काकांचे नाव उमटायचे. ती फोन पालथा घालायची. पुढे नाव उमटायचे बंद झाले. मग एक दिवस काकू स्वतः आल्या, बाकाच्या कडेवर बसल्या.

"कॉम्प्रेसर देऊन टाकला त्यांनी," काकू म्हणाल्या. "गॅलरीत जात नाहीत. ताट समोर ठेवलं तर बघत बसतात."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. ह्यांच्या पोटातलं सगळं मला कळतं, ह्या तोऱ्यात जन्म काढला मी."

पुतणी म्हणाली, "आईला सांगितलं मी. तीन दिवस बाबांच्या फोटोपुढे बसून होती. त्यांची माफी मागत होती."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "एकदा येऊन जा. बोलू नकोस हवं तर."

"येईन. कधी, ते विचारू नका."

काकूंनी जाताना माझ्याकडे पाहिले, पण मला उचलले नाही. ही गोष्ट थंडीच्या दिवसांतली. आता उन्हाळा सरत आला आहे. पुतणी अजून गेलेली नाही. मी तिला दोष देत नाही, आणि काकांच्या हातांची सवय झालेल्या मला त्यांचीही आठवण येते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी मोडले तर फारसे बिघडत नाही. एवढेच सांगते, की कधी तुमचे बोट एखाद्या कुजक्या जागेतून आरपार गेले, तर ती जागा झाकू नका. ज्याची वस्तू आहे त्याला त्याच दिवशी सांगा. तो नाराज होईल, त्याची सहल बुडेल, तुमच्या हाताचे कौतुक होणार नाही. होऊ दे तसे. "खालचा पत्रा गेलाय, आठवडाभर थांब." एवढेच म्हणायचे होते. काकांनी हे वाक्य माझ्याजवळ कितीदा म्हटले, त्याची मोजदाद नाही. ज्याला म्हणायचे होते, त्या धाकट्याने ते कधी ऐकले नाही.