चाळीस नंबरचं तेल

आमच्या आबांनी इंजिनाचं तेल माझ्यापासून जसं लपवलं, तसं लोक सोनंबी लपवत न्हाईत. हसू नका. खरं तेच सांगायलेय.

आबा म्हणजे किशनराव. मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगवर उभा जन्म इंजिनावर काढला त्यांनी. इंजिन जुनं, अमेरिकेचं. येलदरी धरणाच्या कामावर आलतं, काम संपल्यावर सेठच्या बापानं लिलावात घेतलं. चालायचं डिझेलवर, पण टू-स्ट्रोक. आसपास कुठं असलं दुसरं न्हवतं. सीझनमधी लाईट गेली की समदी जिनिंग त्याच्या जिवावर. सुरू झालं की स्टँडपर्यंत आवाज जायचा, आन घरी माय म्हणायची, "बोंबललं बघ तुझ्या बापाचं."

मी नवऱ्याचं घर सोडून आले तवापासून त्याच जिनिंगवर कापूस ओढायला जायची. जेवायच्या सुट्टीत भाकर इंजिनापाशीच बसून खायची. सुरू कसं करायचं, डिझेलच्या नळीत हवा धरली तर कशी काढायची, फिल्टर कवा बदलायचा, समदं बघून बघून शिकले. आबा हाकलायचे न्हाईत. उलट पाना मागायचे, मी द्यायची. पण तेल बदलायचा दिवस आला की "जा, बाहीर हो" म्हणायचे आन आतून कडी लावायचे.

तेल आणायला परभणीला एकटेच जायचे. दुकानाचा डबा तिकडंच कुठंतरी फेकायचे आन तेल घेऊन यायचे गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात, वर फडकं बांधून. कोणत्या दुकानातून, कोणतं, सेठलाबी ठावूक न्हवतं. "समद्यायला कळलं तर मला कोण इचारील?" म्हणायचे. बरं, सेठपासून लपवा की. पोटच्या लेकीपासून कशाला?

एकदा तोंडावरच इचारलं, "आबा, मला काहून सांगत न्हाई?"

"तुला सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी नेऊन देणं," आबा म्हणाले. "सुगतला सांगीन मी."

सुगत माझा धाकटा भाऊ. पुण्याला कंपनीत एसीत बसतोय. इंजिनरूममधी त्यानं जिंदगीत पाय ठेवला न्हाई. त्या वासानं त्याचं डोकं दुखायचं म्हणे. आन मी कोणत्या दुसऱ्याच्या घरी जाणार होते? एक घर बघून आले होते, तेवढं बास झालं होतं.

यंदा कापूस यायच्या तोंडावर आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मातर शाबूत. चहा पाहिजे असला की डावा हात वर करायचे, नको असला की तोंड फिरवायचे.

सेठनं मला बोलावलं. "सुकेशनी, इंजिन चालवशील का?"

"चालवते की."

"हा सीझन काढून दे, मग बापाची जागा तुझी. मधीच बंद पडलं तर भंगारात घालतो आन नवा जनरेटर आणतो. त्याच्यासंगं कंपनीचाच माणूस येतोय."

इंजिनावर बाई! आमच्या जिनिंगवर बायका कापूस ओढायच्या, झाडायच्या, सरकी भरायच्या. मी घरी येताना पाय जमिनीवर न्हवते माझे. मायनं भीमाच्या फोटोला हार घातला. आबांनी ऐकलं आन डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली असंल.

तेल बदलायला आलतं. घरातला डबा रिकामा, आन इंजिनातलं जुनं तेल डांबरावानी काळं; बघून काय कळणार? मी आबांच्या खाटंपाशी बसले. म्हणलं, "आबा, मी तेलाचा एकेक नंबर घेते. बरोबर असंल तर हात वर करा. वीस-चाळीस? पंधरा-चाळीस? तीस? सादं चाळीस?"

हात हलला न्हाई.

"अवं, सांगा की," माय म्हणाली. "पोरीच्या पोटाचा सवाल हाय. लेकच हाय की तुमची."

आबांनी भिताडाकडं तोंड केलं. थोड्या येळानं मायनं चहा इचारला, तर हात झटक्यात वर. तवा मला असा राग आला म्हणता! चहा पाजला, पण कप आदळून.

मग परभणी गाठली. चार दुकानं फिरले. किशनरावाचं नाव कुणाला ठावूक न्हाई. एका दुकानदाराला समदं सांगितलं. तो म्हणाला, "डिझेलच हाय ना? मग हे न्या, पंधरा-चाळीस. नवं आलंय, समद्यात भारी." खालच्या फळीवर सादे चाळीस नंबरचे डबे होते, धूळ खात पडलेले. मी बोट दाखवलं. "ते स्वस्तातलं हाय," तो म्हणाला. "जुन्या पंपावाले नेतेत एखादा."

मी इचार केला. माझ्या बापानं जे आख्खा जन्म फडक्याखाली झाकून आणलं, ते असं धुळीत कशाला पडलेलं असंल? कायतरी भारीतलंच असणार. आन मी भारीतलं घेतलं.

इंजिन झकास चाललं की! दिवाळी झाली, लाईट गेली की मी जायची, सुरू करायची. बायका दारात उभ्या राहून बघायच्या. त्यातली धम्मशीला म्हणायची, "अगं बाई, विमानबी चालवशील तू आता." मी नुसती फुगलेली.

मग धूर वाढला. तेल प्यायला लागलं, जोर कमी पडायला लागला. मी वर तेच भारीतलं ओतत राहिले. एक दिवस अंगणात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आन इंजिन किंचाळत किंचाळत जाग्यावर अडकलं. पुन्हा फिरलंच न्हाई.

परभणीहून सेठनं मिस्त्री आणला. त्यानं हेड उघडलं, करड्या राखेचा थर बोटानं खरवडला आन मला इचारलं, "कोणतं तेल घातलं, बाई?"

मी सांगितलं.

"हे नव्या इंजिनाचं. ह्याच्यात मिसळलेली दवा लय असतीय. ह्या जुन्या टू-स्ट्रोकमधी ती जळती आन राख होती. व्हॉल्व खाल्ले तिनं, पिस्टनच्या रिंगा अडकल्या, आत समदं घासलं. ह्याला सादं चाळीस लागतंय. स्वस्तातलं. कुणी सांगितलं न्हाई तुमाला?"

सेठनं तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. भंगारवाल्यानं क्रेन लावून इंजिन नेलं, आन मी पुन्हा कापूस ओढायला लागले. घरी आबांना कुणी सांगितलं न्हाई. माय म्हणाली, "धसका घेतील."

दोन दिवसांनी सुगत आला पुण्याहून, लकव्यानंतर पहिल्यांदाच. आबांच्या खाटंवर बसला. आबांना त्याला बघून रडूच आलं. त्याचं मनगट धरलं, मग सोडलं, आन त्याच्या डोळ्यांपुढं चार बोटं धरली. मग मूठ मिटली. पुन्हा चार बोटं, पुन्हा मूठ.

"चार?" सुगत म्हणाला. "माय, आबांची चार वाजताची गोळी हाय का?"

आबांनी जोरानं न्हाई म्हणून मान हलवली. चार बोटं. मूठ. तोंडातून लाळ गळायली होती, तरी हात खाली घेईनात.

मी चहा घेऊन दारात उभी होते. म्हणलं, "चाळीस म्हणायलेत ते. चारावर पूज्य."

"चाळीस काय?"

"तेल."

"कशाचं तेल?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, आन हात पटकन गोधडीखाली घेतला.

"लपवा," मी म्हणलं. "इंजिन परवाच भंगारात गेलं, आबा."