डावीकडे फिरणारी मोटर

ताईला ऐंशी पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते आणि गाडी ढिम्म हलत नव्हती. ऐंशी झाली की ताईचा गाडी चालवायचा परवाना संपणार होता. पुढे वाढवून हवा तर डॉक्टरचा दाखला लागत होता आणि डॉक्टर म्हणत होता, तुमची मान वळत नाही. ताई जन्मभर सुईण होती. ह्या डॉक्टरलाही तिनेच जगात आणलं होतं. "पायाळू होता मेला, तरी सुखरूप काढला," ती म्हणायची, "आणि आता माझी मान मोजतोय." गाडी ताईहून दोन वर्षांनी मोठी होती, पण तिच्याकडे कुणी दाखला मागत नव्हतं.

ताईचं मागणं साधं होतं. परवाना संपायच्या आत तिला एकदा गाडी बाहेर काढायची होती. हँडल मारून ती सुरू झाली असती, ढकलूनही झाली असती, पण ते ताईला चालणार नव्हतं. "अडलेल्या बायका काय माझ्या दारात ढकलणाऱ्यांची वाट बघत बसायच्या? मी बसायचे, बटण दाबायचे आणि निघायचे. शेवटची निघेन तीही तशीच."

आता बटण दाबलं की गाडीतून नुसता टक असा आवाज यायचा, कारण स्टार्टर मोटर जळली होती. तिच्या धाकट्या भावाने, ज्याला सगळे कंपॉझिटर म्हणत, ती खोलून वाइंडिंगवाल्याकडे नेली. कंपॉझिटर बहात्तर वर्षांचा होता. त्याने चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले आणि ह्या काळात स्वतःच्या डोळ्यांखेरीज कशावरही विश्वास ठेवला नाही. मोटर देण्याआधी त्याने तिच्यावरच्या धातूच्या पट्टीला शाई फासली, वर कागद दाबला आणि छाप घेऊन ठेवला. आपलीच मोटर परत मिळावी, दुसऱ्याची गळ्यात पडू नये, एवढाच हेतू. पट्टीवरची उठावाची अक्षरं कागदावर झकास उमटली. वर नंबर आणि खाली मोटर कुठल्या बाजूला फिरते ते सांगणारा वाकडा बाण.

वाइंडिंगवाल्याने मोटर बघितली, आत काही राम नाही असं ठरवलं आणि न विचारता भंगारात घालून टाकली. कंपॉझिटरने त्याला जे सुनावलं ते छापण्याजोगं नव्हतं. पण छाप हातात होता. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी एक बाई बसने तीन तासांवर होती. त्याने तिला फोन करून नंबर वाचून दाखवला.

"ह्या नंबरात दोन जाती येतात, काका," बाई म्हणाली. "उजवीकडे फिरणारी आणि डावीकडे फिरणारी. तुमची कुठली?"

"बाण उजवीकडे आहे," कंपॉझिटर म्हणाला.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. गल्लीतल्या मेकॅनिकने मोटर बसवली. ताई मुद्दाम चप्पल बदलून येऊन बसली. बटण दाबलं, मोटर घूं घूं करून जोरात फिरली आणि इंजिन आपलं शांत. मोटरीचं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या चाकात अडकायला हवं, ते जागचं हलेना.

"काका, ही उलटी फिरतेय," मेकॅनिक म्हणाला.

"उलटी नाही. तू उलट्या बाजूला उभा आहेस."

"मी कुठंही उभा राहिलो तरी चाक पुढं येत नाहीये ना."

"छाप खोटं बोलत नसतो," कंपॉझिटरने विषय संपवला. मोटर उलटी फिरत असेलच तर त्याच्या मते बाईने डावी मोटर उजवी म्हणून पाठवली होती. त्याने तिला फोन लावला आणि दुकान टाकलंय तर डावं-उजवं शिकून घ्यावं, असा सल्ला दिला. बाई भडकली. हा ऐकेना, ती ऐकेना. शेवटी ती म्हणाली, "मोटर आणि तो तुमचा कागद घेऊन इथं या. माझ्या तोंडावर दाखवा."

तोवर दोन दिवस उरले होते. ताई अंगणात गाडीच्या काचा पुसत होती आणि पुसलेल्या पुन्हा पुसत होती. बहिणीने त्याच्याकडे आयुष्यात हे एकच काहीतरी मागितलं होतं आणि तेवढंही आपल्याच्याने होत नाही, ह्या विचाराने कंपॉझिटरला रडू यायची पाळी आली. त्याने पिशवीत मोटर घातली, खिशात घडी घातलेला छाप ठेवला आणि सकाळची पहिली बस पकडली.

बाईचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका भिंतीला दिवे, एकीला रेडिएटर, मधे आरशांचा ढीग आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कंपॉझिटरने विजयी मुद्रेने कागद टेबलावर पसरला. बाईने चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला.

"काका, हे कुठल्या भाषेत आहे?"

"म्हणजे काय? स्वच्छ तर आहे." त्याने बोट ठेवून एका दमात अख्खा नंबर वाचून दाखवला.

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने ढिगातून गाडीचा एक आरसा उचलला आणि कागदाशेजारी उभा धरला. "आता ह्यात बघा."

कंपॉझिटरने आरशात बघितलं. "आता उलटं दिसतंय," तो म्हणाला.

आणि म्हणता म्हणता त्याने कागद पुन्हा हातात घेतला. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात म्हणून कागदावर सुलटी उमटतात. पट्टीवरची अक्षरं सुलटी होती, ती कागदावर उलटी उमटली होती. दुसऱ्या कुणालाही ते बघताक्षणी कळलं असतं. पण चाळीस वर्षं खिळ्यांवर उलटं वाचलेल्या डोळ्यांना त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही. नंबर त्याने बिनचूक वाचला. बाण मात्र जसा दिसला तसा धरला.

तो स्टुलावर बसला. ज्याच्या हातून एक वेलांटी कधी सुटली नाही, त्याने ह्या बाईला डावं-उजवं शिकवलं होतं. "माझं चुकलं," तो म्हणाला. "फोनवर बोललो तेही चुकलं. भरपूर चुकलं."

बाईला हसू आवरेना. आधी ती तोंडावर पदर धरून हसली, मग उघडच हसली आणि शेवटी कंपॉझिटरलाही हसावं लागलं. "माझ्याकडं चुकीची वस्तू मागणारे खूप येतात," ती डोळे पुसत म्हणाली, "पण इतक्या हुशारीनं चुकलेलं कुणी आलं नव्हतं." तिने वरच्या फळीवरून डावी मोटर काढली आणि बॅटरीच्या तारा लावून फिरवून दाखवली. दातेरी चाक टुणकन पुढे आलं. ते चार वेळा बघितल्यावरच कंपॉझिटर उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोटर बसली. मेकॅनिकला सगळा प्रकार आधीच कळला होता आणि तो शेवटचा नट आवळेपर्यंत गालात हसत होता. ताई आली, बसली आणि कुणाला काही न विचारता तिने बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं आणि धडधडायला लागलं. मेकॅनिकने हसणं थांबवून टाळ्या वाजवल्या.

ताईने शेजारचं दार उघडलं. "चल, धाकट्या. नेहमीसारखा बस."

नेहमीसारखा म्हणजे रोज सकाळी कामावर जाताना ती त्याला छापखान्याच्या फाटकाशी सोडायची तसा. तिने गाडी बाजारातून नेली, डॉक्टरच्या दवाखान्यासमोर हॉर्न दोनदा वाजवला, पुलावरून पलीकडे नेली. चौकात मान वळत नव्हती तेव्हा ती खांद्यासकट अख्खी वळली. मग तिने गाडी बंद पडलेल्या छापखान्याच्या मोकळ्या आवारात आणली, एका कडेला उभी केली आणि इंजिन बंद केलं. उद्यापासून ती गाडी चालवणार नव्हती. ती स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत बसली. कंपॉझिटरला वाटलं, आता ही रडेल.

ताई दार उघडून खाली उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरक तिकडं."

"कुठं?"

"माझ्या जागेवर. इथं चिटपाखरू नाही. शीक."

"ताई, मी बहात्तर वर्षांचा आहे. मला ह्यातलं काही येत नाही."

"चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसलास. एवढी वर्षं बघत काय होतास?"

कंपॉझिटरने जरा विचार केला. "तुझ्याकडं," तो म्हणाला.

ताईने त्याच्या बाजूचं दार धरून ठेवलं होतं, ते तो सरकेपर्यंत सोडलं नाही. मग ती आत बसली, तिने दार ओढून घेतलं आणि नाक पदराने पुसलं.

"आता समोर बघ," ती म्हणाली, "आणि दाब बटण."