दाखवण्यापुरतं

दिवा हिरवा होता आणि हलत नव्हता... टाचणीच्या डोक्याएवढा, यंत्राच्या मागच्या अंगाला, नेटवर्कची तार जिथे खोचतात तिथे, टेबलाखाली शिरून मान वाकडी केल्याशिवाय न दिसणारा तो दिवा नुसता लागून राहिला होता. तार जोडलेली आहे, एवढंच सांगत. तारेतून काही येतंय-जातंय हे सांगायचं तर त्याने लुकलुकायला हवं होतं. तो ढिम्म. "डोळे उघडे ठेवून झोपलायस," ती त्याला म्हणाली आणि बाहेर निघताना टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घेतलं. डोकं चोळता चोळता तिला जाणवलं की आपल्याला राग आलाय — चांगला सणसणीत, उपयोगी पडेल असा राग.

कारण काल संध्याकाळी हाच दिवा लुकलुकत होता. काल ती या खोलीला कुलूप लावून घरी गेली ती जवळजवळ उड्या मारत, आणि नवऱ्याला म्हणाली, झालं! तो म्हणाला, "अगं, कंपनीची माणसं केव्हाच करून गेली असती. तू उगाच जीव काढतेस." तो हे मायेने म्हणतो, तीच तर पंचाईत आहे. मायेने म्हटलेल्या वाक्याशी भांडता येत नाही, ते गिळावं लागतं, आणि सकाळी येऊन बघावं तर दिवा ढिम्म, खोली मुकी.

ग्रंथालयाच्या मागच्या बाजूची ही खोली. हिच्यात पुस्तकं नव्हती, नुसती यंत्रं आणि कानावर चढवायचे हेडफोन. डोळ्यांनी वाचता न येणारे लोक इथे येऊन पुस्तकं ऐकत. हे थोरलं यंत्र दूरच्या साठ्यातून बोलकी पुस्तकं आणायचं आणि भिंतीलगतच्या धाकट्या यंत्रांना वाढायचं. सगळ्यांवर ओपन सोर्स प्रणाली, म्हणजे आतलं सगळं कुणालाही उघडून वाचता येईल अशी, तिनेच हौसेने बसवलेली, शिकत शिकत, चुकत चुकत. मग गेल्या आठवड्यात प्रणालीचं नवं रूप आलं. तिने ते नेहमीसारखं घेतलं, आणि त्याच्यासोबत आलेला ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्कच्या कार्डाचं बोलणं प्रणालीला समजावून सांगणारा दुभाषा, या जुन्या कार्डाशी काही केल्या जुळवून घेईना.

आणि आज ग्रंथालयाची समिती येणार. संचालकांनी काल दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं : "मॅडम, चालू दिसलं तर ठेवू. नाहीतर कंपनीच्या तयार पेट्या घेऊ. कुणी काही उघडायला नको, तुम्हालाही ताप नको." त्या पेट्यांमध्ये कंपनीचीच पुस्तकं वाजतात. इथल्या माणसांनी, कुणी निवृत्त नर्स, कुणी टपालखात्यातला कारकून, दुपारच्या फावल्या वेळात स्वतःच्या आवाजात वाचून ठेवलेली पुस्तकं त्यांत वाजत नाहीत. ते तिने विचारून घेतलं होतं. कंपनीचा माणूस हसून म्हणाला होता, "त्याची काय गरज?"

काय गरज... पेटीला झाकण नाही, स्क्रू नाही, आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. पाठ. गुळगुळीत, देखणी पाठ. आईचं शिवणयंत्र अडायचं तेव्हा दुरुस्तीवाला यायचा. तो येईपर्यंत अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच पडून असायची, आणि आला की तो यंत्रासमोर असा बसायचा की त्याच्या पाठीशिवाय काही दिसू नये. लहानगी ती डावीकडून जायची, तो डावीकडे वळायचा. उजवीकडून गेली की उजवीकडे. "पोरी, उजेड अडवू नकोस," म्हणायचा, आणि उजेड तर पलीकडच्या खिडकीतून यायचा! आई, जिने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले ती माझी आई, पदराला हात पुसत लांब उभी राहून त्या पाठीकडे अदबीने बघायची, आणि मी पुढे झाले की दंडाला धरून मागे ओढायची. "ते आपलं काम नाही." ते मला सहन व्हायचं नाही. अजूनही होत नाही.

म्हणून तर सोर्स. कालचा अख्खा दिवस त्यात गेला. कार्ड बनवणाऱ्यांनी आपल्या ड्रायव्हरचा सोर्स, त्याचं मूळ लिखाण, खुला ठेवला होता. तो उतरवून घ्यायचा, आपल्या यंत्रावर कंपाइल करायचा, म्हणजे आपल्या प्रणालीच्या मापाने बेतून घ्यायचा. आधी माप चुकलं, तो प्रणालीच्या जुन्याच रूपासाठी तयार होत राहिला आणि नव्याने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मग माप सापडलं. सोर्स वाचताना मध्येच एका ओळीशेजारी लिहिणाऱ्याने शेरा टाकलेला दिसला : ही ओळ का लागते ते मलाही कळलेलं नाही, पण काढली तर कार्ड जागं होत नाही, कृपा करून काढू नका. कोण कुठला माणूस, कुठल्या खिडकीशी बसून किती वैतागून त्याने हे लिहिलं असेल — तिला त्याला चहा करून द्यावासा वाटला. इतकं उघड्यावर कबूल करणारा माणूस तिच्या नात्यागोत्यात एकही नव्हता.

दाराशी काठी वाजली. मास्तर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले, उतारवयात दृष्टी गेलेले, रोज सगळ्यांच्या आधी येऊन आपल्या कोपऱ्यातल्या यंत्राचं बटण स्वतः चाचपून दाबणारे.

"लागली का गं तुझी तार?"

"पुन्हा गेली, मास्तर."

"छान. म्हणजे मी अजून समुद्रातच. आठवडा झाला, जहाज वादळात सापडलंय, कप्तान शुद्धीवर नाही, आणि तुझ्या कार्डाला आत्ताच रुसायचं सुचलं. तो जगला की बुडाला एवढं तरी सांग."

"मी नाही वाचलेली ती कादंबरी."

"ग्रंथपाल, आणि वाचलेली नाही!" मास्तर खूश होऊन खुर्चीत बसले. "वाचणाऱ्या बाईंना त्या भागात सर्दी झाली होती बघ. वादळाला काय शोभते ती सर्दी! ते असो. पेट्या येणार म्हणतात, खरं का?"

"मी आहे तोवर नाही," ती म्हणाली. हे वाक्य आपण ठरवून म्हटलं नाही हे तिला ऐकल्यावर कळलं.

तिने जुन्या, प्रणालीसोबत आलेल्या ड्रायव्हरला बाहेर काढायची कमांड दिली, मग आपण केलेल्याला आत घ्यायची. वाकून पाहिलं, दिवा लुकलुकत होता. यंत्र रीस्टार्ट केलं. दिवा ढिम्म. हाताने बसवला की चालतो, पाठ वळली की जुना परत येऊन खुर्चीत बसतो! आणि जुन्याला घ्यायचं नाही अशी मनाई तर तिने काल लिहून ठेवली होती, योग्य त्या फाईलमध्ये, योग्य त्या शब्दांत. तिने शोध घेतला. लोकांनी लिहिलं होतं : एवढी दगदग कशाला, नवीन कार्ड घ्या. दुसऱ्याने लिहिलं होतं : माझ्याकडे तर चालतं. "तुमच्याकडे चालणारच हो," ती मोठ्याने म्हणाली. मास्तर म्हणाले, "कोणाशी भांडतेस?" ती म्हणाली, "सगळ्यांशी."

मग ती यंत्र जागं होतानाची नोंद ओळीने वाचू लागली, घाई न करता, आई शिवण उसवताना एकेक टाका बघायची तशी. जुन्या ड्रायव्हरची ओळ फार वर होती... फारच वर. डिस्क उघडायच्याही आधी. म्हणजे मनाई लिहिलेली फाईल वाचली जायच्या आधीच हा येऊन बसलेला! आणि एकदम तिला दिसलं. जागं होता होता हाताशी असावं म्हणून यंत्र एक लहानसं गाठोडं बांधून ठेवतं, त्यात अगदी लागतील तेवढे ड्रायव्हर असतात. ते गाठोडं मनाई लिहायच्या आधीचं. त्यात जुना आहे. मनाई लिहून ती निर्धास्त झाली होती, गाठोडं सोडून पुन्हा बांधायचं राहून गेलं होतं.

ती हसली. आणि हसता हसताच मनात आलं, आईचं ते वाक्यही असंच. मी डोळे उघडायच्या आधी येऊन बसतं, मग दिवसभर मी त्याला मनाई करत हिंडते... पुरे. असल्या जुळवाजुळवीची तिला स्वतःचीच चीड यायची. गाठोडं बांधायचं सोडून तत्त्वज्ञान! तिने कमांड दिली, ओळी सरकल्या, नवं गाठोडं बांधून झालं. आता रीस्टार्ट करून बघणं तेवढं उरलं. पण मास्तर हेडफोन हातात घेऊन निमूट बसले होते, म्हणून आधी तिने हाताने ड्रायव्हर बसवला आणि त्यांना म्हणाली, "जा समुद्रात." त्यांचा चेहरा बदलला. ओठ किंचित उघडे राहिले.

तेवढ्यात संचालक आले, भरभर, घाम पुसत.

"अरे वा! झालं की, मॅडम!"

"नाही, सर. हाताने बसवलंय. चूक सापडली, सुधारली असं वाटतंय, पण बंद करून चालू केल्याशिवाय कळणार नाही."

"मग नका ना करू बंद!" त्यांनी आवाज खाली आणला, अगदी आपलेपणाने. "समिती जिन्यात आहे. दाखवण्यापुरतं चालू आहे तेवढं बास. त्यांना कोण सांगतंय? मी तुमच्याच बाजूने आहे."

होतेही. त्यांच्या डोळ्यांत खोट नव्हती. शहाणपणाचं होतं ते. समिती बघेल, मान डोलावेल, जाईल, मग निवांत तपासावं. आणि गाठोडं नीट बांधलं गेलं नसेल तर? तर रोज सकाळी लवकर येऊन, कुणाच्या नकळत, हाताने बसवायचं. रजा नाही, आजारपण नाही. आणि एखाद्या सकाळी मी नसेन... रखवालदाराने रात्री बंद केलेला मेन स्विच वर केलेला असेल, मास्तर येतील, बटण चाचपून दाबतील, हेडफोन चढवतील आणि थांबतील. त्यांना यंत्रावर शंका येणार नाही. आपलंच बोट चुकलं असं वाटेल त्यांना. ते पुन्हा दाबतील, पुन्हा थांबतील, कुणाला विचारायला लाजतील.

हे चित्र तिला असह्य झालं. दाखवण्यापुरतं! सगळं आयुष्य जणू समिती जिन्यात आहे असंच काढायचं की काय? त्यांना खोली दाखवायची तर हीच दाखवीन. बंद पडू शकणारी, उघडून बघता येणारी.

"मास्तर, जरा बाहेर या समुद्रातून."

"आत्ता? अगं, कप्तान डोळे उघडतोय!"

"आत्ताच."

मास्तरांनी हेडफोन काढले, काही क्षण तिच्या श्वासाकडे कान दिला, आणि म्हणाले, "कर बंद. बुडालो तर पाप तुझ्या माथी."

"मॅडम—" संचालक म्हणाले. तिने कमांड दिली. स्क्रीन काळी झाली, पंख्याची घरघर थांबली, आणि त्या शांततेत दारात माणसं येऊन उभी राहिली. पुढच्या बाईंनी चष्मा सावरत खोलीभर नजर फिरवली.

"हे बंद आहे का?"

"हो," ती म्हणाली. "मीच केलंय. बसा."

एरवी तिच्या अशा वाक्यामागून एक लांबलचक सारवासारव निघायची. काय झालं, कसं झालं, खरं तर चालू होतं, जरा सांभाळून घ्या. ती त्या सारवासारवीची वाट बघत राहिली. आलीच नाही. ती घाबरलेली नव्हती, आणि हे तिला इतकं नवं होतं की क्षणभर यंत्राचाच विसर पडला. संचालक खुर्च्या सरकवत होते. पंखा पुन्हा फिरू लागला. काळ्या स्क्रीनवर पहिली ओळ उमटली, दुसरी... तार लागेल किंवा लागणार नाही. नाही लागली तर कुठे अडलं ते वाचीन, यांच्यासमोर, मोठ्याने. उद्या त्यांनी पेट्या आणून मांडल्या तर पेट्यांच्या शेजारी हेच यंत्र घेऊन बसेन, आणि उठायला सांगितलं तर उठणार नाही. तिने खुर्ची पुढे ओढली.