आशीर्वाद मिळेपर्यंत उठायचं नाही

सायानला राग आला तो हरल्याचा नव्हता. हरला असता तर निदान वेळेवर सुटला तरी असता.

कझाकांच्या देशात लग्न करायला, मत द्यायला आणि सैन्यात जायला अठरा वर्षं पुरतात. जुगार खेळण्याइतकी अक्कल मात्र एकवीस पूर्ण झाल्यावर येते, असं सरकारचं मत आहे. सायानला ती अक्कल त्या आठवड्यात आली, आणि ती वापरायला काढायची घाई त्याच्यापेक्षा त्याच्या मित्रांना जास्त होती. ओल्झास आणि मादियार दोघंही त्याच्याहून वर्षभरानं मोठे. अल्माटीत वाढून कापचागायच्या तळ्याकाठचे कॅसिनो न पाहिलेला मुलगा आपल्यात आहे हे लोकांना कळलं तर आपण तोंड कुठे लपवायचं, असं ते वर्षभर विचारत होते. त्यांच्यापैकी कुणाकडेच गाडी नव्हती, हे ते सांगत नव्हते.

गाडी त्या दिवशी सायानकडे होती. वडिलांची सात जणांची जुनी गाडी, आणि ती उगाच मिळालेली नव्हती. सायानची मोठी बहीण तोग्झान हिचं जमत आलं होतं. मुलाकडची मंडळी तराझहून संध्याकाळच्या रेल्वेनं येणार होती. व्याहीणबाई मुलीच्या कानांत स्वतःच्या हातानं कानातले घालणार, आणि ते घातले की ठरलं. मागच्या वर्षी असंच ठरत आलेलं मोडलं होतं, कारण जेवताना काकांनी व्याह्यांच्या शर्यतीच्या घोड्याच्या दातांवरून त्याचं खरं वय सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून तोग्झान घरात फारशी बोलत नसे, आणि काकांना पाहुणे असताना बोलावत नसत.

"गाडी धुऊन आण," वडील म्हणाले होते, "आणि रेल्वे लागायच्या आत फलाटावर उभा राहा. ती मानी माणसं आहेत. आपलं कुणी दिसलं नाही तर त्याच पावली परत जातील."

सायाननं मान डोलावली. गाडी धुणं आणि रेल्वे येणं यांच्यामध्ये अख्खा मोकळा दिवस पडला होता. ओल्झासला तो लांबूनच दिसला.

आत खिडकी नव्हती, घड्याळ नव्हतं आणि टेबलापाशी फोन काढायला बंदी होती. दुपार आहे की काय आहे याचा पत्ता लागू नये अशी चोख व्यवस्था. सायाननं यातलं बरंच ऐकलेलं होतं. न ऐकलेली गोष्ट एकच निघाली. रूलेच्या मोठ्या टेबलाच्या टोकाशी, निळ्या मखमली चपानात, म्हणजे लांब अंगरख्यात, भरतकामाची टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. दाढी अशी पांढरी की तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची छाती होऊ नये.

तिघांनी नकळत शर्ट खाली ओढले आणि दोन्ही हातांनी आजोबांचा हात हातात घेऊन सलाम केला. दुसरं काही करताच येत नाही. लहानपणापासून ते इतक्या वेळा केलेलं असतं की हात आपोआप पुढे जातात.

"कुणाची रे तुम्ही कोकरं?" आजोबांनी विचारलं.

म्हणजे सात पिढ्या सांगा. मादियारनं धडाधड सांगितल्या. ओल्झास पाचव्या पूर्वजापाशी अडला आणि कान लाल करून उभा राहिला. सायाननं सातही नावं सांगितली आणि आठवं फुकट दिलं. आजोबा इतके खूश झाले की त्यांनी त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आपण बहुधा तिथेच बुडालो, असं सायान पुढे म्हणत असे. ओल्झाससारखा अडाणी असतो तर वाचलो असतो.

तो बसल्याबरोबर एक मुलगी आली आणि तिनं टेबलाच्या कडेच्या फळीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरलं. बाउरसाक म्हणजे तळलेल्या पावाचे गरम गोळे, मनुका, लोणी, दुधाचा चहा. सगळं फुकट. आजोबांनी पहिला घास मोडला आणि सगळ्यांना खायला सांगितलं. आता हे कुणाही कझाक मुलाला शिकवावं लागत नाही: दस्तरखान पसरलं, वडीलधाऱ्यांनी घास घेतला, की शेवटी त्यांनीच ओंजळ उघडून आशीर्वाद द्यायचा, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवायचे, आणि मग उठायचं. त्याआधी लहान माणूस उठत नाही. उठलाच तर लोक त्याला काही म्हणत नाहीत. त्याच्या आईला म्हणतात.

खेळ सुरू झाला. ओल्झास आणि मादियार हरू लागले आणि सायान जिंकू लागला. तो काही विचार करून लावत नव्हता. पैशांऐवजी मिळालेल्या चिप्स हातातून ज्या आकड्यावर पडतील तिथे पडत, आणि चाकातली गोळी त्याच आकड्यावर जाऊन बसे. आजोबा दर वेळी त्याच्या पाठीवर थाप मारत आणि चहा ओतायला सांगत.

मित्रांचे खिसे हलके झाल्यावर ते सिगारेट ओढायला बाहेर गेले. वडीलधाऱ्यांसमोर सिगारेट पेटवायची नाही, त्यामुळे सिगारेटसाठी उठण्याला दोष नाही. उलट ती अदब समजली जाते. सायान सिगारेट ओढत नव्हता. त्याच्या आईनं त्याला ज्या ज्या वाईट सवयींपासून जपलं होतं, त्यातली एकही त्या दिवशी त्याच्या उपयोगी पडायला हजर नव्हती.

थोड्या वेळानं त्यानं आदबीनं विषय काढला. आजोबा, निघावं म्हणतो, घरी पाहुणे आहेत, आशीर्वाद द्या. आजोबांनी त्याच्या समोरच्या ढिगाकडे पाहिलं आणि चहा गार होतोय म्हणाले. पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या तरुणपणी बर्फात हरवलेल्या घोडीची गोष्ट सांगितली. गोष्ट चांगली होती आणि लांब होती. घोडी सापडेपर्यंत सायान आणखी दोनदा जिंकला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला करागंडाचा एक ठेकेदार बसला होता. त्याच्या शेवटच्या चिप्स गोळी फिरवणाऱ्या डीलर मुलीनं ओढून घेतल्या, आणि आजोबांची ओंजळ त्याच क्षणी वर आली. काय आशीर्वाद दिला त्यांनी. वाट मोकळी होवो, गोठ्यात वासरं नाचोत, सुना हसऱ्या येवोत. ठेकेदारानं चेहऱ्यावरून हात फिरवले, डोळे पुसले आणि समाधानानं निघून गेला. पैसे गेले होते, पण रीतसर गेले होते.

सायाननं ते पाहिलं, आणि इथला हिशेब त्याच्या ध्यानात आला. ज्याच्यापुढे चिप्स नाहीत त्याला आशीर्वाद. ज्याच्यापुढे आहेत त्याला चहा.

मादियार मागून आला आणि कानाशी वाकून वेळ सांगून गेला. रेल्वे यायला जेवढा वेळ होता तेवढाच शहरात पोचायला लागणार होता. "तुला घरच्यांनी सिगारेट शिकवली नाही, त्यांची चूक," असंही तो म्हणाला. सायान म्हणाला, मग आजोबांना तूच सांग की आम्हाला जायचंय. मादियारनं दाढीकडे पाहिलं आणि तो पुन्हा सिगारेट ओढायला गेला.

आता सायान जाणूनबुजून हरायचा प्रयत्न करू लागला. कुणी फिरकत नव्हतं अशा आकड्यावर त्यानं मूठभर चिप्स टाकल्या. गोळी तिथेच थांबली. डीलर मुलीनं कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं की बिचारी घाबरलीच.

आणि मग ते झालं. आजोबांनी चपानाच्या बाहीत लपवलेलं घड्याळ पाहिलं, मान वळवून कुणालातरी खूण केली, आणि उठले. आशीर्वाद न देता. टोपी काढून त्यांनी ती मागून आलेल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याला दिली. चपानही उतरवून दिला. आतला शर्ट चौकड्यांचा होता. दुसऱ्या म्हाताऱ्यानं चपान चढवला. त्याला तो आखूड होता. तो खुर्चीत बसला, दाढीवरून हात फिरवला, बाउरसाकचा ताजा घास मोडला, आणि सायानकडे मायेनं वळून म्हणाला, "कुणाचं रे तू कोकरू?"

सायाननं चहाची वाटी खाली ठेवली.

"आजोबा," तो म्हणाला, "तुम्ही इथे नोकरीला आहात?"

"मग? पेन्शनमध्ये भागतं होय?"

"म्हणजे आम्हाला अडवून ठेवायचा पगार घेता."

म्हातारा जराही ओशाळला नाही. "पगार चपानाचा आहे, बाळा," तो म्हणाला. "वय माझं स्वतःचं आहे. ही सत्त्याहत्तर वर्षं मला काय कॅसिनोनं दिलीत? जायचंय तर जा. मी काय हात धरलाय तुझा?"

हेच तर होतं. त्यानं हात धरलेला नव्हता. कुणीच धरलेला नव्हता. सायाननं खुर्चीच्या हातांवर जोर दिला, पण त्याला उठता येईना. समोरचा म्हातारा पगारी होता, पण म्हातारा खरा होता. दस्तरखान धंद्याचं होतं, पण घास मोडलेला होता. इथल्या कुणातरी शिकलेल्या माणसानं, टाय लावून, कागदावर हिशेब केला असणार: दाराला कुलूप लावलं तर लोक पोलिसांत जातील, त्यापेक्षा एक दाढी बसवा. आपल्या आज्यांनी आपल्याला जे शिकवलं ते या माणसानं स्वस्तात भाड्यानं घेतलं होतं. सायानला इतका संताप आला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हाताऱ्यानं त्याला हातरुमाल देऊ केला.

"माझ्या बहिणीच्या कानात आज कानातले घालायचेत," सायान म्हणाला. "व्याही स्टेशनवर येतायत. त्यांना आणायला मी जायचंय. मला उठवा."

म्हाताऱ्यानं त्याच्या ढिगाकडे पाहिलं. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या कॅसिनोच्या एका टायवाल्याकडे पाहिलं. मग चहाच्या वाटीत पाहिलं.

"तेवढं तुझ्यापुढचं संपव," तो हळूच म्हणाला. "मला मुभा नाही."

सायाननं दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे लोटला. कुठे लोटला हे त्यानं पाहिलं नाही. गोळी फिरली. आयुष्यात कुणी जिंकण्यासाठी केली नसेल एवढी प्रार्थना त्यानं हरण्यासाठी केली, आणि डीलर मुलीनं सगळं ओढून घेतलं.

ओंजळ वर आली. दुसऱ्याचा आशीर्वाद पहिल्यापेक्षाही सरस होता. त्यात बहिणीचं घर आलं, तिच्या अंगणातलं पहिलं बाळ आलं, व्याह्यांशी सात पिढ्यांचं सख्य आलं. सायान आमीन म्हणाला तेव्हा दात खात होता. पण म्हणाला.

मित्रांना त्यानं शहराच्या वेशीवर जवळजवळ ढकलूनच उतरवलं. वाटेत मादियार म्हणाला होता की चहा तरी फुकट होता.

फलाट रिकामा झाला होता. एका बाकापाशी चार माणसं आपापल्या बॅगांवर बसली होती. व्याहीणबाईंच्या मांडीवर लहानशी पेटी होती आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी अशी धरली होती की आता ती उघडण्याचा प्रश्नच नाही. मुख्य व्याही, म्हणजे मुलाचे वडील दुइसेन, उभे होते. परतीच्या रेल्वेची चौकशी त्यांनी करून ठेवली होती, आणि तेच त्यांनी सायानला आधी सांगितलं.

"आमच्याकडे पाहुण्याला फलाटावर ठेवायची पद्धत नाही," दुइसेन म्हणाले. "तुमच्याकडे आहे हे आधी कळलं असतं तर उशा आणल्या असत्या. कुठे होतास?"

सायानला गाडीचं चाक पंक्चर करता आलं असतं, वाहतूक तुंबवता आली असती. पण वडीलधाऱ्या माणसानं समोर उभं राहून विचारलं की त्याला खोटं सुचत नसे, आणि त्या दिवशी तर त्याला आपल्या या खोडीचा भयंकर राग होता.

"एका आजोबांनी दस्तरखानावर बसवलं होतं," तो म्हणाला. "ते आशीर्वाद देईनात. आशीर्वादाशिवाय उठता येईना."

शब्दन् शब्द खरा होता. व्याहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दुइसेनच्या चेहऱ्यावरचा आखडलेला भाग हळूहळू सैल पडला.

"ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले. "आणि तू म्हणत होतीस, शहरातली मुलगी नको."

घरी पोचेपर्यंत त्यांनी ते तीनदा सांगितलं, आणि घरी सगळ्यांसमोर चौथ्यांदा. सायानची आई रडली. शेजारी बोलावले गेले. व्याहीणबाईंनी तोग्झानच्या कानांत कानातले घालताना म्हटलं, जिचा भाऊ असा, ती कशी असेल ते विचारायलाच नको. तोग्झान वर्षभरानंतर हसली. ती हसली तेव्हा सायानला दोन मिनिटं राग विसरायला झाला, आणि त्याचाही त्याला राग आला.

स्वयंपाकघरात त्यानं वडिलांना गाठलं. बाबा, ते पगारी होते, दोघं होते, एकाच चपानात पाळी बदलतात, जुगारात बसवलेले, असं तो भराभर सांगत सुटला. वडिलांनी मांसाचं ताट एका हातावर घेतलं आणि दुसरा त्याच्या तोंडावर ठेवला.

"मागच्या वर्षी तुझा काकाही खरंच बोलला होता," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर दुइसेननी त्याला शेजारी बसवलं. चहाच्या वाट्या पुन्हा भरल्या जात होत्या.

"त्या थोर माणसाला लग्नाला बोलावायचं," दुइसेन म्हणाले. "नव्या जोडप्याला पहिला आशीर्वाद त्यांचाच. कुठे राहतात ते? मी स्वतः जाऊन पाया पडेन."

सगळे सायानकडे पाहू लागले. त्यानं तोंड उघडलं. तोग्झान पलीकडे बसली होती आणि नव्या कानातल्यांवरून तिचा हात उठत नव्हता.

"कापचागायला, तळ्याकाठी," सायान म्हणाला. "मोठं घर आहे, कुणीही दाखवेल. पाहुणचार फार करतात. गेलेला माणूस लवकर उठत नाही."

"व्वा," दुइसेन म्हणाले. "उद्याच जाऊ. तू चल बरोबर."